पानसुद्धा घरी न्यायचे नाही : देवराईत भरलेल्या आठवीच्या वर्गाचे प्रकरण

देवळाच्या पायरीवर त्या दिवशी पानांचा जो ढीग पडला, तिथून या प्रकरणाची सुरुवात करणे योग्य होईल. जुलैअखेरीस पावसाने दोन दिवस उघडीप दिल्यावर आमच्या शाळेतील आठवीच्या वर्गातली 41 मुले-मुली शाळेपासून तीन किलोमीटरवर असलेल्या देवराईत चालत गेली होती. विज्ञान शिकवणारी मी, एक सहकारी शिक्षक आणि दोन पालक असे चौघे मोठे त्यांच्याबरोबर होतो. प्रत्येकाने किमान दहा झाडांची पाने आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि चिकटवहीत लावून खाली नावे लिहायची, हा प्रकल्प आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्याला गुण असल्यामुळे मुले तो मन लावून करतात. दोन तासांनी पिशव्या भरल्या, रांग लावली आणि आम्ही निघालो, तेव्हा देवीचे गुरव वाटेत उभे राहिले. "बाई, देवीच्या रानातलं पान बी घरी न्यायचं नसतं. पोरांना सांगा, हितंच ठिवा," एवढेच ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात वाटाघाटीला जागाही नव्हती. मुलांनी पायरीवर पिशव्या उलट्या केल्या. जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा, उंबर, गेळा अशी सारी पाने एकमेकांत मिसळून गुडघाभर ढीग झाला आणि तो पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की एका वर्गाच्या एका प्रकल्पासाठी आपण केवढा पाला ओरबाडला होता. खरे सांगायचे तर त्या वेळी अपराधीपणापेक्षा चिडच जास्त वाटली होती, कारण आखलेला प्रकल्प पहिल्याच दिवशी मोडला होता.

जून ते एप्रिल अशा त्या शालेय वर्षात पुढे आम्ही त्याच देवराईत आणखी सहा वेळा गेलो. गावाने घातलेल्या अटी, त्यांच्याशी शाळेच्या नियमांचे आलेले खटके आणि त्यातून अभ्यासाला आलेले वेगळे वळण यांची नोंद येथे केली आहे. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

जागा आणि परवानगी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या एका डोंगरउतारावर ही देवराई आहे. क्षेत्र फार नाही, साधारण चार एकर. भोवतालचा उतार चराईने आणि वणव्यांनी उघडा पडला आहे. त्यावर गवत, करवंदाच्या जाळ्या आणि मधूनमधून एखादे कुंभ्याचे झाड दिसते. देवराईच्या आत मात्र दुपारीही उजेड कमी असतो. अंजन आणि जांभूळ यांची दाटी आहे, मधे काही जुने हिरडे आहेत, ओढ्याच्या बाजूला उंबर आणि भेरली माड आहेत, आणि एका कोपऱ्यात गारंबीचा वेल मांडीएवढ्या जाडीचा होऊन चार झाडांवर पसरला आहे. त्याच्या हातापेक्षा लांब शेंगा पाहिल्यावर मुलांनी पहिल्या दिवशी बाकी काहीही पाहायला नकार दिला होता.

पश्चिम महाराष्ट्रातील अशा देवरायांचा पद्धतशीर अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात केला आणि देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांमध्ये सह्याद्रीचे मूळचे जंगल कसे होते याचा अंदाज येतो, हे लोकांसमोर मांडले. शिक्षकाच्या दृष्टीने देवराईचे महत्त्व याहून साधे आहे. अभयारण्यात जायचे तर बस, पैसे आणि दिवसभराचा प्रवास लागतो. देवराई अनेक गावांच्या हाकेच्या अंतरावर असते आणि म्हणून तिथे पुन्हा पुन्हा जाता येते.

कागदावर अशा कामाला आधार भरपूर आहे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर सक्तीचा करण्याचा निर्देश दिला आणि 2003मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांनी याच तरतुदीचा हवाला देऊन आमच्या सात फेऱ्यांना मंजुरी दिली. वनविभागाकडे आम्ही रीतसर पत्र दिले आणि वनरक्षक एका फेरीला स्वतः आले. परंतु खरी परवानगी यांपैकी कोणाच्याच हातात नव्हती. ती गावाकडे होती, आणि गावाने ती देवीला कौल लावूनच दिली. कौल उजवा आला, असा निरोप ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला आणि त्याच निरोपात अटीही होत्या.

अटी

रानातून काही बाहेर न्यायचे नाही, वाळके पानही नाही. झाडाला आणि जमिनीला लोखंड लावायचे नाही. दगडी उंबऱ्याच्या आत चप्पल-बूट घालायचे नाहीत. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेच्या आठवड्यात यायचे नाही. आणि पाळी आलेल्या मुलींनी उंबरा ओलांडायचा नाही.

यातील पहिल्या दोन अटींनी आमचा अभ्यास सुधारला, तिसरीने आम्हांला खूप दमवले आणि शेवटची आजही माझ्या गळ्याखाली उतरलेली नाही. त्या क्रमानेच सांगते.

पाने आणता येत नाहीत म्हटल्यावर चिकटवही संपली. मग मुलांना झाडाजवळ बसूनच पानाचे चित्र काढावे लागले आणि तिथे पहिला फरक दिसला. पान तोडून पिशवीत टाकायला दोन सेकंद लागतात आणि त्या दोन सेकंदांत मूल पानाकडे पाहतसुद्धा नाही. चित्र काढताना मात्र पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, कड दातेरी आहे की सरळ, शिरा कडेपर्यंत जातात की आधीच वळतात, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही. ज्यांना चित्र जमत नव्हते त्यांनी खाली पडलेल्या पानावर कागद ठेवून तेलखडूने ठसा घेतला आणि पान होते तिथेच परत ठेवले.

नावांचा प्रश्न अधिक बिकट होता. चिकटवहीत नाव एकमेकांचे पाहून लिहिता येते, इथे ते गुरवांना किंवा गुरे राखणाऱ्या आजींना विचारावे लागे, आणि त्यांनी दिलेले नाव पुस्तकातल्या नावाशी जुळेलच असे नव्हते. एका गटाने घरी मोबाईलवर 'अंजन' शोधले आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणले की अंजन हे कोरड्या प्रदेशातले, जोडपानांचे, पानगळीचे झाड आहे. आमच्या देवराईतले अंजन तर बारमाही हिरवे, जाड चकचकीत पानांचे आणि निळ्या-जांभळ्या फुलांच्या झुबक्यांचे. चूक कोणाचीच नव्हती. खानदेश-विदर्भात ज्याला अंजन म्हणतात ते हार्डविकिया आणि सह्याद्रीत ज्याला अंजन, अंजनी किंवा लोखंडी म्हणतात ते मेमेसायलॉन, अशी ही एका नावाची दोन झाडे आहेत. शास्त्रीय नावे कशासाठी असतात हा धडा मी इतकी वर्षे व्याख्या सांगून शिकवत होते. त्या दिवशी तो मुलांनीच मला विचारला.

लोखंडाविना मोजमाप

लोखंड लावायचे नाही म्हणजे झाडाला खिळा ठोकून क्रमांकाची पट्टी लावता येणार नाही. वर्गाच्या 19 जोड्या आणि तिघांचा एक गट केला होता, प्रत्येकाला एक झाड दिले होते, आणि वर्षभर त्याच झाडाकडे परत जायचे असे ठरले होते. खूण न करता झाड पुन्हा सापडणार कसे? मुलांनी देवळाच्या पायरीपासून पावले मोजून नकाशा काढला.

ऑक्टोबरच्या फेरीत दोन जोड्या एकाच जांभळावर हक्क सांगत भांडू लागल्या. दोघींच्याही वहीत 'पायरीपासून ओढ्याच्या दिशेने चाळीस पावले, डावीकडे' असे लिहिलेले होते. भांडण सोडवले ते सप्टेंबरच्या नोंदीने. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा अशी वनमोजणीची पद्धत आहे, आणि ती उंची प्रत्येकाची सारखी यावी म्हणून आम्ही 130 सेंटीमीटरची एक काठी बरोबर ठेवत होतो. एका जोडीने आपल्या झाडाचा घेर 148 सेंटीमीटर लिहिला होता, दुसरीने 171. टेप लावला तर 149 आला. दुसऱ्या जोडीचे जांभूळ अकरा पावले पुढे, उंबराच्या आडोशाला निघाले. मग चाळीस पावले सारखी कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधायला शाळेच्या मैदानावर 20 मीटरची रेघ आखून प्रत्येकाने ती चालून पाहिली. कोणाला तीस पावले लागली, कोणाला चाळीस. त्यानंतर वहीत पावले नव्हे, मीटर लिहिले जाऊ लागले. खिळा ठोकला असता तर हा तास झालाच नसता.

घेराच्या नोंदींनी आणखी एक गोंधळ समोर आणला. दोन महिन्यांत एक झाड चार सेंटीमीटरने वाढले आणि एक तीन सेंटीमीटरने चक्क आकसले. मुले हसली, पण आकसलेल्या झाडाच्या जोडीला ते लागले. त्यांनी झाड तीनदा मोजले, प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला आणि मग टेप एका बाजूला तिरका धरला जात असल्याचे त्यांच्याच ध्यानात आले. एका वर्षात आपल्या टेपने झाडाची वाढ पकडता येणार नाही, कारण आपल्या मोजण्यातली चूकच त्या वाढीपेक्षा मोठी आहे, हा निष्कर्ष त्यांनी फळ्यावर लिहिला तेव्हा मला जितका आनंद झाला तितका प्रकल्पाच्या कुठल्याही सुबक वहीने झालेला नाही.

पाणी मुरण्याचा प्रयोग लोखंडाच्या अटीमुळे जवळजवळ रद्दच झाला होता. पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडे कापून तो जमिनीत ठोकायचा, त्यात ठरावीक पाणी ओतायचे आणि ते किती वेळात जिरते ते पाहायचे, अशी त्याची नेहमीची रीत आहे. डबा चालणार नाही म्हटल्यावर एका विद्यार्थ्याने, ज्याचे वडील नळाची कामे करतात, चार इंची प्लास्टिक पाइपाचे वीतभर लांबीचे तीन तुकडे आणले. गुरवांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "ह्ये लोखंड न्हाई," असा निर्वाळा दिला आणि रानाच्या कडेची, उंबऱ्याबाहेरची जागा स्वतः दाखवली. पाइप हाताने दाबून दोन बोटे आत बसवला आणि अर्धा लिटर पाणी ओतले. देवराईच्या कडेला, पालापाचोळ्याखालच्या काळ्या भुसभुशीत मातीत ते चार-पाच मिनिटांत दिसेनासे झाले. शेजारच्या चराईच्या माळावर पाऊण तास लागला. शाळेच्या मैदानात पाइप आत शिरेनाच, म्हणून भोवती चिखलाचा लेप देऊन तो बसवला. तिथे पहिल्या तासाला ओतलेले पाणी मधल्या सुट्टीतही निम्म्याच्या वर तसेच होते.

हा प्रयोग ढोबळ आहे हे मान्य केले पाहिजे. पाइपाखालून पाणी बाजूला झिरपते, मातीत आधीचा ओलावा किती आहे त्यानुसार वेळ बदलतो, आणि तीन ठिकाणच्या एकेका नोंदीवरून डोंगराचे गणित मांडता येत नाही. परंतु पाच मिनिटे आणि पाऊण तास यांतला फरक एवढा मोठा होता की त्याला चुकीच्या खात्यात ढकलता येईना. देवराईच्या खालच्या अंगाचा ओढा मार्चपर्यंत वाहतो आणि माळाखालचा नाला दिवाळीलाच कोरडा पडतो, ही गावातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मुलांनी त्या आकड्यांशेजारी लिहिली. दोन्हींचा संबंध आहे असे मी सांगितले नव्हते.

उंबरा आणि बूट

शाळेच्या सुरक्षा-सूचनेप्रमाणे रानात जाताना प्रत्येक मुलाच्या पायात बंद बूट असणे सक्तीचे आहे आणि ते योग्यच आहे. या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आढळतात, पाचोळ्यात इंगळ्या असतात, काटे तर सर्वत्र आहेत. गावाची अट मात्र नेमकी उलट होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असल्या की तोडगा काढणे सर्वांत अवघड जाते. मुख्याध्यापक म्हणाले, अनवाणी पाठवणार नाही. गुरव म्हणाले, मग आत येऊ नका.

तीन आठवडे यातच गेले. शेवटी कोणी मन मोठे केल्यामुळे नव्हे, तर जागा नीट पाहिल्यामुळे मार्ग निघाला. दगडी उंबऱ्याच्या आत येतो तो देवळाभोवतीचा साधारण पाव हिस्सा. उरलेले रान उंबऱ्याबाहेर आहे आणि तिथे गावकरी स्वतःही पायताण घालूनच वावरतात. पाचोळ्याचे काम, चौकटी, प्रयोग हे सगळे आम्ही बाहेरच्या भागात, बूट घालून करायचे ठरवले. आतल्या भागात फक्त डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत, गुरव रोज झाडतात त्या पायवाटेवरून, एका वेळी दहाच मुलांनी, एकामागे एक, अनवाणी जायचे आणि वाटेवरून हात पोहोचेल तेवढीच झाडे पाहायची. फोनला तिथे रेंज नसल्याने प्रत्येक फेरीला एक मोटारसायकल देवराईच्या तोंडाशी तयार उभी असे, आणि सर्पदंशावरचे इंजेक्शन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून ठेवलेले असे. हा दुसरा मुद्दा वनसहली आखणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या यादीत वर नेऊन ठेवावा. वर्षभरात साप तीनदा दिसले, तिन्ही धामणी.

अपघात झाला तो सापामुळे नव्हे, खाजकुयलीमुळे, आणि त्यात माझी चूक होती. डिसेंबरच्या फेरीआधी मी वाट पाहून आले होते, पण माळाच्या बाजूच्या करवंदाच्या जाळीवर चढलेला तो वेल मला ओळखता आला नाही. सोनेरी मखमली शेंगा पाहून एका मुलाने हात लावला आणि तोच हात मानेवर फिरवला. क्षणात तो कळवळू लागला. मी बाटलीतले पाणी घेऊन धुवायला धावले. गुरे राखणाऱ्या आजींनी मला बाजूला सारले. "चोळू नको गं बाई, पसरंल ती," असे म्हणत त्यांनी ओले शेण लावून वाळू दिले आणि मग खपली काढल्यासारखे अलगद ओढून काढले. त्याबरोबर बहुतेक कुसे निघून आली. आम्ही पुढे प्रथमोपचाराच्या पेटीत याच कामासाठी रुंद चिकटपट्टी ठेवली, ती तितकीच उपयोगी पडते आणि शेणाइतका जंतुसंसर्गाचा धोका नसतो. मुलाच्या आईवडिलांना त्याच संध्याकाळी घरी जाऊन सर्व हकीकत सांगितली. वडिलांचा राग खाजेबद्दल नव्हता. "फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा आहे आणि तुम्ही पोरांना रानात हिंडवताय," असे ते म्हणाले. त्यांचे समाधान मला करता आले नाही आणि जानेवारीच्या फेरीला त्यांनी मुलाला पाठवले नाही.

ज्या अटीवर तोडगा निघाला नाही

पाळीच्या अटीबद्दल लिहिणे टाळता आले असते. अनेक देवरायांमध्ये ही अट आहे आणि देवराईतल्या शालेय उपक्रमांचे अहवाल तिच्याविषयी गप्प राहतात, म्हणूनच लिहिते आहे. शाळा कोणत्याही मुलीला तिच्या पाळीबद्दल विचारू शकत नाही, विचारूही नये. दुसऱ्या बाजूने, गावाचा शब्द मोडून आत गेलो तर त्या गावातून आमच्या शाळेत येणाऱ्या मुलींनाच त्याचा त्रास झाला असता.

आम्ही केले ते एवढेच की प्रत्येक फेरीत आतला भाग, बाहेरचे रान, माळ आणि ओढा अशी चार कामे एकाच वेळी चालू ठेवली आणि कोण कुठे जाणार हे मुलामुलींनी सकाळी स्वतःच, कारण न सांगता निवडावे असे ठरवले. ओढ्याचे काम सर्वांत मजेचे असल्यामुळे मुलगेही तिकडे जायला धडपडत, आणि त्यामुळे कोणी आत गेली नाही याची कोणी दखल घेतली नाही. व्यवस्था निभावली. तरीही हा तोडगा आहे असे मी म्हणणार नाही. आम्ही अट मोडली नाही, तिच्यावर प्रश्नही उभा केला नाही, फक्त ती कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी सोय केली. मार्चमध्ये एका मुलीने मला विचारले, "बाई, देवी पण बाईच आहे ना?" मी तिला विज्ञानाच्या बाजूने जे सांगायचे ते सांगितले. पण तो प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता, त्यांना आमच्यापैकी कोणीही विचारला नाही.

पाचोळा, पानगळ आणि वर्गातली शांतता

बांबूच्या कांबींची अर्धा मीटर बाजूची चौकट पाचोळ्यावर ठेवायची, काडीने थर उलगडत जायचे, सापडेल ते मोजायचे आणि सगळे जसेच्या तसे परत झाकायचे, हे काम मुलांना सर्वांत आवडले. वरच्या थरात पान ओळखू येते, त्याखाली जाळीसारख्या शिरा उरतात, आणखी खाली पान कुठे संपले आणि माती कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. गोगलगाई, गोम, वाणी, कोळी, वाळवी यांच्या संख्या वहीत आल्या. हाताने पाचोळा उचलायचा नाही हा नियम पहिल्याच चौकटीत एक इंगळी निघाल्यामुळे मला पुन्हा सांगावा लागला नाही.

दर फेरीला त्याच जागी चौकट ठेवल्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मुलांच्या डोक्यात पानगळ म्हणजे शिशिर, आणि शिशिर संपला की वसंतात पालवी, असा कवितेतून आलेला सरळ क्रम होता. देवराईत जानेवारीत ताजी पाने थोडीच पडलेली होती, मार्च-एप्रिलमध्ये मात्र चौकट भरून गेली, आणि त्याच दिवसांत कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटलेली होती. म्हणजे गळणे आणि फुटणे एकाच वेळी चालू. एका मुलाने वहीत लिहिले, 'येथे शिशिर व वसंत एकत्र आहेत.' मी ते वाक्य खोडले नाही, फक्त त्याखाली बारमाही हिरव्या जंगलात उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाने बदलली जातात, असे लिहायला लावले.

अशा उपक्रमांच्या हकीकतींमध्ये वर्गात मागे पडलेला, गुरांमागे रानात वाढलेला एखादा मुलगा हमखास भेटतो. तो रानात सगळ्यांचा गुरू होतो आणि मग वर्गातही चमकू लागतो. आमच्याकडेही देवराईशेजारच्या वाडीतली एक मुलगी होती. हिरड्याची फळे पिकण्याआधी वेचली तर बाळहिरडा, तो वाळवून विकायचा, पावसाचा शिडकावा झाला तर माल काळा पडतो आणि भाव उतरतो, हे ती घरच्या कामातून जाणत होती. मुंग्यांनी झाडावर बांधलेले शेणाच्या गोळ्यासारखे घरटे दाखवून, त्यात तांबूस रंगाचा सुतार पक्षी घर करतो, हेही तिनेच सांगितले. पक्ष्यांच्या पुस्तकात पडताळले तर ते तंतोतंत खरे निघाले. रानात सगळे तिच्या मागे असत. वर्गात परतल्यावर मात्र ती पूर्वीसारखीच गप्प बसे आणि वार्षिक परीक्षेत तिच्या गुणांत फरक पडला नाही. बाळहिरड्याचा भाव आणि सुताराचे घरटे हे आमच्या प्रश्नपत्रिकेत नसते, त्याला तिचा इलाज नाही. प्रात्यक्षिकाच्या 20 गुणांची रचना शाळेच्या हातात आहे, एवढी गोष्ट मी तेव्हापासून धरून ठेवली आहे.

नकाशाचे पुढे काय झाले

शेवटची फेरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, यात्रेच्या आधी झाली. प्रत्येक जोडीने आपल्या झाडाची वर्षभराची नोंद एका पानावर लिहिली आणि सगळ्या पानांबरोबर देवराईचा मोठा नकाशा तयार झाला. त्यात 20 झाडे, पायवाट, ओढा, उंबरा आणि देऊळ मीटरमध्ये मांडलेले आहेत. ही वही पुढच्या आठवीला द्यायची, म्हणजे त्यांचे घेर आमच्या घेरांशी ताडून पाहता येतील, असे ठरले. एक प्रत गुरवांना दिली. त्यांनी ती देवळात ठेवली.

मे महिन्यात देवस्थानच्या पंचांचा निरोप आला. देवळाचा जीर्णोद्धार करायचा आहे, पुढे सिमेंटचा सभामंडप घालायचा आहे आणि मुलांचा नकाशा पाहायला मिळेल का, अशी विचारणा होती. जुने छोटे देऊळ पाडून त्या जागी मोठे पक्के बांधकाम करण्याची ओढ गावोगावच्या देवरायांत आहे. कुऱ्हाडीला न लागलेली झाडे मंडपाच्या मापात येऊन जातात, हे नवीन नाही. आम्ही नकाशा घेऊन गेलो. चाळीस बाय पंचवीस फुटांचा मंडप त्यावर पेन्सिलने आखला, तेव्हा त्या चौकोनात दोन झाडे आली. एक जुना हिरडा आणि दुसरे ते जांभूळ, ज्याच्यावरून ऑक्टोबरमध्ये दोन जोड्या भांडल्या होत्या, घेर 149 सेंटीमीटर. मंडप ओढ्याच्या विरुद्ध बाजूला पंधरा फूट सरकवला तर दोन्ही वाचतात, हे एका पंचांनीच फूटपट्टी ठेवून दाखवले. दुसरे म्हणाले, तसे केले तर दार पूर्वेला राहत नाही. निर्णय झाला नाही. गुरवांचे म्हणणे होते की देवीला अजून कौल लावलेला नाही आणि पावसाळा संपेपर्यंत कोणी घाई करू नये. नकाशा सध्या त्यांच्याकडेच आहे.